वरच्या खोलीतला डबा आणि त्याचा ताप

नागपूर,
ऐन उन्हाळा, कूलरचं पाणी दुसऱ्यांदा भरून झाल्यावर.

आदरणीय जावईबापू हिरामणजी यांना बळीरामचा सप्रेम जय भीम. पारशिवनीला सगळे खुशाल असणार, कारण तसं नसतं तर माझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे तुमच्या भावनाने, मला फोनवर एव्हाना रडवलं असतं. तुमचा गुडघा कसा आहे? एस.टी.च्या क्लचने ज्याचा गुडघा खाल्ला त्याने मांडी घालून बसू नये, खुर्चीवरच बसावं, असं धंतोलीच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. तुम्ही मान हलवली होती आणि घरी जाऊन जमिनीवरच बसला असाल, हे मी इथून सांगू शकतो. आमच्याकडे सगळं ठीक. भावनाच्या वहिनीची, सिंधूची, तब्येत चांगली, आवाज त्याहून चांगला. माझं वजन मात्र उतरलं आहे. गच्चीच्या जिन्याने ते उतरवलं, आणि जिना का चढावा लागला तेच या पत्रात लिहायचं आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. जावईबापू, फोन तुम्ही उचलत नाही. मोबाइलवर लिहून पाठवलं तर ते भावना वाचते आणि तुम्हाला अर्धंच सांगते, तेही तिला सोयीचं असेल ते. म्हणून हे पाकीट पारशिवनीच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देतो आहे. एस.टी.च्या माणसाने हातात दिलेली वस्तू तुम्ही कधी नाकारलेली नाही, ही तरी नाकारू नका. शिवाय विषय उभ्या उभ्या सांगण्यासारखा नाही. विषय तापाचा आहे. (घाबरू नका, तुमची उन्नती ठणठणीत आहे. ताप तिच्या कॉम्प्युटरला आहे.)

मागच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तुम्ही दीक्षाभूमीवरून थेट आमच्याकडे आलात, वरच्या खोलीत गेलात, आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायला मामाकडे ठेवलेली मुलगी कानाला हेडफोन लावून पडद्यासमोर 'डावीकडून मार, डावीकडून' असं ओरडताना तुम्हाला दिसली. तुम्ही चहा न घेता निघून गेलात. तुमच्या वाट्याचा चहा मी प्यालो आणि तो मला गोड लागला नाही. तेव्हापासून तुम्ही तिच्याशी बोलत नाही. भावनामार्फत एवढाच निरोप आला, की बुद्ध पौर्णिमेपर्यंत या खेळातून काही ठरलं तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं आणि गावी यायचं. उन्नतीने ते ऐकून घेतलं आणि हो म्हणाली. (मला वाटलं होतं भांडेल. पण मुलगी तुमची आहे, गाडी सुटायची वेळ ठरली की ठरली.) आता पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी तिच्या संघाचा शेवटचा सामना आहे. पाच मुलींचा संघ आहे, एकमेकींना त्या अजून प्रत्यक्ष भेटलेल्यासुद्धा नाहीत. जिंकल्या तर हैदराबादची एक कंपनी पाचही जणींना वर्षभर पगारावर ठेवणार आहे. हरल्या तर सामान. उन्नती खेळात कुणाला हार जाणारी नाही, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो. तिला हरवू शकत होता तो फक्त नागपूरचा उन्हाळा.

आता डब्याबद्दल, म्हणजे त्या कॉम्प्युटरबद्दल. तुम्ही तेव्हा पाहिलं ते जुनं, कपाटासारखं यंत्र होतं. हा डबा तिने हिवाळ्यात स्वतः जोडला. छोट्या छोट्या स्पर्धांत मिळालेल्या बक्षिसांतून एकेक भाग जमवत गेली आणि आमच्या जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोन दिवस बसली. त्या दोन दिवसांत आम्ही ओट्याजवळ उभे राहून जेवलो आणि सिंधूने ब्रसुद्धा काढला नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य तुमच्या लक्षात यावं. तिचे हात मी पाहत होतो. केसाएवढ्या वायरी, मुंगीएवढे स्क्रू, आणि कुठे घाई नाही, कुठे जोर नाही. सगळं मिळून झालं केवढं, तर आमच्या पापडाच्या डब्याएवढं. मी म्हटलं, बाई, मोठा डबा घ्यायचा होतास, आत हवा तरी खेळली असती. तर म्हणाली, मोठा डबा बसमध्ये नेता येत नाही मामा, बाबांनी बोलावलं तर मांडीवर घेऊन जाता आला पाहिजे. मी तेव्हा ते ऐकलं आणि सोडून दिलं. तुम्ही सोडून देऊ नका.

छोट्या डब्याचा गुण जसा मांडीवर मावण्याचा, तसा दोष तापण्याचा. आत एक चिप असते, प्रोसेसर म्हणतात तिला. मारी बिस्किटाचा एक तुकडा तोडला तर तेवढी. सगळं डोकं त्या तुकड्यात. खेळ रंगात आला की हा तुकडा पंच्याण्णव अंशांच्या वर जातो. जावईबापू, मी कोराडीच्या वीजकेंद्रात उभी नोकरी कूलिंग टॉवरच्या बाजूला काढली. तापलेलं पाणी थंड करून परत पाठवायचं, एवढंच मी आयुष्यात केलं. त्यासाठी आमच्याकडे दहा मजली टॉवर होते. इथे त्या पाण्याहून तापलेला तुकडा आणि त्याला थंड करायला तळहाताएवढा पंखा. त्यातून त्या चिपला अक्कल अशी, की आपण जळतो आहोत असं वाटलं की ती आपणहून हळू होते. स्वतःला वाचवते. पण तेवढ्यात पडद्यावरचं चित्र अडखळतं, उन्नतीने दाबलेलं बटण उशिरा लागतं, आणि समोरची मुलगी हिला मारून मोकळी होते. फेब्रुवारीपर्यंत हे काही जाणवलं नाही. होळी झाली आणि वरच्या खोलीचा स्लॅब तापायला लागला, तशी तक्रार सुरू झाली. (एसी लावा, असं तुम्ही म्हणालच. वरच्या मजल्याची वायरिंग जुनी आहे. खालचा एसी सुरू झाला तरी वर दिवे मिचकावतात. वर एसी लावला तर एसी तेवढा चालेल.)

उष्णता म्हटल्यावर मी गप्प बसणार नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. पहिला उपाय मीच केला. ती खाली जेवायला गेली असताना हॉलमधला मोठा कूलर वर चढवला, डब्यापासून हातभर अंतरावर ठेवला, पंप सुरू केला आणि पंखा पुऱ्या वेगावर टाकला. नागपुरातल्या माणसाला कूलर चालवायला शिकवावा लागत नाही असा माझा समज होता. उन्नती वर आली, डब्यावर जमलेले थेंब तिने पाहिले, शांतपणे बटण बंद केलं आणि ओढणीने एकेक थेंब टिपत मला विचारलं, "मामा, पाऊस पाडून राहिले का जी त्याच्यावर?" दुसरा उपाय म्हणजे डब्याची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावणे. ताप खरोखर उतरला. पण संध्याकाळपर्यंत आत धुळीचा थर बसला, आणि दुसऱ्या दिवशी एक पाल तिथे राहायला आली. ऊब आणि किडे दोन्ही मिळाल्यावर ती तरी कुठे जाईल? तिला बाहेर काढायला अर्धी दुपार गेली. त्यानंतर उन्नतीने मला अतिशय प्रेमाने सांगितलं की मामा, तुमचा अनुभव मोठा आहे, पण तो मोठ्या यंत्राचा आहे. मी खाली येऊन वर्तमानपत्र वाचत बसलो. (तेच, डबा जोडताना पसरलेलं. त्यात एक स्क्रू सापडला. तो नेऊन दिला, तर म्हणाली हा जास्तीचाच होता. मला अजून शंका आहे.)

यापुढे तिने जे केलं ते पाहायला तुम्ही हवे होतात. माणूस तापला की सगळे उपाय एकदम करतो. बर्फ आणतो, पंखा लावतो, कांदा खिशात ठेवतो आणि मग कशाने बरं वाटलं ते कळत नाही. उन्नती एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की अर्धा तास यंत्राला जुंपायची, आकडा बघायची, आणि मगच पुढची गोष्ट. चिप आणि तिच्या डोक्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये एक लेप लावतात. मी म्हटलं, चांगला भरपूर लाव, आम्ही ग्रीस बोटांनी थापायचो. तिने तांदळाच्या दाण्याएवढा ठेवला आणि म्हणाली, जास्त झाला तर तोच अडसर होतो. दाण्याने काही अंश उतरवले. मग पंख्यांच्या दिशा पाहिल्या. डबा हवा खालून ओढतो आणि वरून सोडतो, तर वरची वाट मोकळी हवी म्हणून त्यावरचं पुस्तकांचं शेल्फ भिंतीवरून काढलं. खोलीचंही तसंच. कूलर खिडकीत गेला, डब्यापासून लांब, आणि समोरचं दार फटीएवढं उघडं ठेवायचं ठरलं, कारण आत आलेल्या हवेला जायला वाट नसेल तर नुसता दमटपणा साठतो. हे तर नागपुरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. मला ऐन वेळी आठवलं नव्हतं, इतकंच. गच्चीवर चुना मारणे आणि हिरवी जाळी बांधणे हे माझ्याकडे आलं. वजन तिथे उतरलं.

पण खरा हात तिने दाखवला तो विजेवर. कॉम्प्युटर बनवणारे लोक चिपला लागते त्यापेक्षा जराशी जास्तच वीज देऊन ठेवतात म्हणे, सगळ्या प्रकारची गिऱ्हाइकं सांभाळायची असतात म्हणून. उन्नती ती वीज थोडी थोडी कमी करत गेली. कमी करायची, चालवून बघायची. यंत्र कोलमडलं की एक पायरी मागे यायचं, पुन्हा बघायचं. चार दिवस हे चाललं. शेवटी अशी जागा सापडली की वीज कमी, ताप बराच कमी, आणि वेग मात्र तेवढाच. मी चष्मा लावून तो आकडा तीनदा पाहिला. जन्मभर आम्ही जास्त काम हवं तर जास्त कोळसा टाक, एवढंच शिकलो. कमी खायला घालून तेवढंच काम घ्यायचं आणि वर यंत्रही खूश, हे मी प्रथमच पाहत होतो. मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? मला वाटलं इंटरनेट म्हणेल. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "बाबा गाडीले कधी दाबत नव्हते, मामा. देवलापारच्या चढावर दुसऱ्याच्या गाड्या धूर सोडत उभ्या राहायच्या अन् आपली निघून जायची. मी तेच करून राहिली."

जावईबापू, मी खाली आलो आणि सिंधूला म्हटलं मला पाणी दे. लहानपणी उन्नती सुट्टीत तुमच्या मागच्या सीटवर बसून फेऱ्या करायची, हे मला आठवत होतं. आम्ही म्हणायचो, पोरगी खिडकीतून माकडं मोजते. ती तुमचा पाय बघत होती.

त्याच मांडणीवर उपांत्य सामना झाला आणि त्या जिंकल्या. खेळात उन्नती आपल्या नावाने नसते, 'भिवापुरी' या नावाने असते. (मिरचीवरून घेतलं आहे. कुणाकुणाला झोंबली ते पडद्यावर लिहून येतं.) सामन्याचं वर्णन करणारा एक मुलगा असतो, तो भिवापुरी, भिवापुरी असं ओरडत होता आणि सिंधू जिन्यात उभी राहून रडत होती. खेळातलं तिला काही कळत नाही. नाव घेत आहेत एवढं कळलं.

आणि इथे, सगळं सुरळीत झालेलं असताना, ताप परत चढला. जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. तोच डबा, तीच वीज, तोच लेप, आणि आकडा थेट पंच्याण्णवच्या वर. उन्नतीने लेप पुसून नवा लावला. वीज आणखी कमी केली, तर यंत्र बसूनच गेलं. पंखे काढून साफ केले. मी गच्चीवर जाऊन चुन्याचा दुसरा हात मारला, कूलरच्या जाळ्या नव्या घातल्या, आणि सूर्य कोणत्या खिडकीतून किती आत येतो ते पाहायला दिवसभर एका स्टुलावर बसलो. मधल्या एका सरावाच्या सामन्यात ऐन मोक्याला चित्र अडखळलं आणि पाचही जणी हरल्या. संघातल्या एकीने विचारलं म्हणे की तुझ्याऐवजी दुसरी घेऊन ठेवायची का. उन्नतीने हे आम्हाला जेवताना सांगितलं, भाताकडे बघत. मग म्हणाली, मामी, माझ्या दोन बॅगा माळ्यावरून काढून ठेवा. त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

आता माझ्या बायकोबद्दल थोडं लिहावं लागेल, ते लिहिल्याचं तिला सांगू नये. कोराडीच्या कॉलनीत आमचं सगळं आयुष्य गेलं. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी राखेत बोटाने नाव लिहिता यायचं. त्यामुळे सिंधूला उघडी वस्तू बघवत नाही. आमच्या मिक्सरला कपडे आहेत, टीव्हीला कपडे आहेत, गॅसच्या सिलिंडरला तर झालर लावलेला फ्रॉक आहे. डबा आला त्याच आठवड्यात तिने त्याचं माप घेतलं होतं. उन्नतीने तिला समजावलं की मामी, याला कशानेही झाकायचं नाही, याचा जीव गुदमरतो. सिंधूला वाईट वाटलं, पण तिने शब्द पाळला. तिने डबा एकदाही झाकला नाही. वरून झाकायचं नाही असं ठरलं होतं. खालून काय, यावर कुणीच काही बोललं नव्हतं.

तर झालं असं, की जिंकल्याच्या दिवशी सिंधूचा ऊर भरून आला. ज्याने पोरीला जिंकून दिलं तो डबा नुसता लाकडावर बसलेला तिला बरा दिसेना. तिने ट्रंक उघडली आणि ते मरून रंगाच्या मखमलीचं, जरीच्या झालरीचं आसन काढलं. तुम्हाला आठवत असेल. भावनाच्या लग्नात नवरदेव जेवायला बसतील तेव्हा त्यांच्याखाली घालायला सिंधूने ते स्वतः शिवलं होतं, आणि त्यानंतर कुणालाही त्यावर बसू दिलेलं नाही. मी निवृत्त झालो, हारतुरे घेऊन घरी आलो, त्या दिवशीही नाही. ते तिने डब्याखाली घातलं. चार बोटं जाड मखमल. आणि डबा, मी वर लिहिलंच आहे, हवा खालून ओढतो.

सापडलं कसं, तर उन्नतीने डबा तेवढा सुरू ठेवून खोलीतलं बाकी सगळं बंद केलं, डोळे मिटले आणि उलटा हात डब्याच्या डोक्यावर धरला. चाक तापलं का ते बघायला तुम्ही थांब्यावर उतरून त्याच्या तबकडीला लावायचात, तसाच. म्हणाली, वरून वारंच येऊन नाही राहिलं. म्हणजे आतच जात नाही. तिने डबा उचलला. खाली तुमचं आसन. आणि आता ऐका माझी विद्वत्ता. ते आसन मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. झालर बाहेर दिसत होती. मी सिंधूला म्हणालोही होतो, की व्वा, आता डब्याला शोभा आली. गच्चीवर दुसरा चुना मारायला मी त्यानंतर गेलो. जन्मभर उष्णतेत काढलेल्या माणसाची ही गोष्ट आहे, ती कोराडीच्या जुन्या मंडळींना कळू देऊ नका.

सिंधू दारात उभी होती. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. पोरीच्या बॅगा माळ्यावरून आपल्यामुळे उतरल्या, हे तिला एका क्षणात कळलं. ती म्हणाली, "मले वाटलं, मान द्यावा त्याले." मला वाटलं आता उन्नती चिडणार, आणि चिडली असती तर मी काही म्हटलं नसतं. तिने आसन झटकलं, नीट घडी घातली आणि मामीच्या हातात देत विचारलं की मामी, मच्छरदाणीची जाळी आहे का घरात? या डब्याच्या पोटाला एक पदर शिवून द्या, हवा जाईल पण धूळ जाणार नाही असा. दुकानातला मिळतो तो याला बसत नाही, आणि धूळ नागपूरची आहे, ती तुमच्याशिवाय कुणाला ओळखता येत नाही. सिंधू तशीच मशीनवर बसली. तीन जाळ्या शिवून पाहिल्या, एक दाट झाली, एक विरळ झाली, तिसरी बसली. कडेला चुंबकाच्या पट्ट्या शिवल्या आहेत, ओढली की निघते, धुऊन वाळत घालता येते. आता आमच्या तारेवर माझ्या बनियनशेजारी कॉम्प्युटरचा लंगोट वाळतो. आणि डब्याला शेवटी कपडे मिळाले, त्यामुळे सिंधूची झोपही सुधारली.

ताप उतरला. उन्हाळा भर माथ्यावर असतानाही आकडा आता ऐंशीच्या आतबाहेर खेळतो, चित्र अडखळत नाही, सरावाचे सगळे सामने त्या जिंकल्या, आणि दुसरी मुलगी घ्यायची गोष्ट कुणी पुन्हा काढली नाही. माझ्या मते एवढं पुरे होतं. पण उन्नती थांबायला तयार नाही. अजून दोन अंश, अजून दोन अंश, असं करत ती खिडकीला दुहेरी पडदा लावते, ट्यूबलाइट काढून टाकते, पंख्यांचा वेग बदलून बघते. रविवारी सामन्याच्या वेळी वर कुणी यायचं नाही, असाही हुकूम निघाला आहे, कारण शांत बसलेला माणूस जुन्या पिवळ्या शंभरच्या बल्बएवढी उष्णता देतो म्हणे. (मी विचारलं, रागावलेला माणूस किती देतो? म्हणाली, त्याचा आकडा अजून कुणी काढला नसेल.) मी जिन्यात बसणार, सिंधू स्वयंपाकघरात. आम्ही दोघं मिळून दोन बल्ब, आम्हाला बंदी आहे.

मी मुलीची स्तुती करतो आहे असं तुम्हाला वाटलं असेल, तर बरोबर वाटलं. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे आमच्याकडे बरीच स्तुती साठून राहिली होती, ती सगळी हिच्या वाट्याला आली. बँकेत गेली तरी ही पोरगी चांगलंच काम करेल. पण मी जे या डब्यापाशी पाहिलं ते परीक्षेत विचारत नाहीत. भावनाला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा, आणि खुर्चीवर बसा.

आपला,
बळीराम

ता. क. सामान न्यायला तुम्ही शेजाऱ्याची पिकअप सांगून ठेवली आहे असं कळलं. पौर्णिमेपर्यंत थांबू नका, रविवारीच या. सामना सकाळी अकराला आहे. पिकअप आणा किंवा एस.टी.ने या, ते तुमच्यावर. पण उन्हातून येऊन तसेच वर जाऊ नका. आधी खाली कूलरसमोर बसा, पन्हं घ्या, राग असेल तर तोही खालीच निवू द्या, मग वर जा.

ता. क. दुसरं. वर कुणी यायचं नाही असं असताना मी तुम्हाला वर का पाठवतो, ते लिहायचं राहिलं. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं. चित्र अडखळत नाही, मग हे अजून दोन अंश कशाला, असं मी तिला काल विचारलं. एक माणूस खोलीत बसला तर तेवढा फरक पडतो, असं तिने पाहून ठेवलं आहे. (माझ्यावरच पाहिलं. मला अर्धा तास बसवलं, मग बाहेर काढून अर्धा तास.) ती म्हणाली, "तेवढी जागा बाबासाठी ठेवली मी. आले तर बसतीन." नाही आले तर, असं मी विचारलं नाही. तिला हे पत्र माहीत नाही.

ता. क. शेवटचं. गुडघ्याचा विचार करून वर खुर्ची नेली आहे. भिंतीशी ठेवली आहे, तिथून पडदाही दिसतो आणि तिचे हातही. सिंधूने ट्रंकेतून ते मखमली आसन पुन्हा काढून खुर्चीवर घातलं. वर कुणी नव्हतं म्हणून मी जरा टेकून पाहिलं, तर तेवढ्यात ती आली आणि म्हणाली, "उठा बरं तुम्ही. ज्यायचं हाये ते येतीन अन् बसतीन."